फोन मुलीचा, नंबर बाबांचा

पत्र, थोडक्यात: माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. २०२४ ला बी.ई. झाली, ६८ टक्के. नंतर वर्षभर एका ऑटो पार्टच्या कारखान्यात क्वालिटी विभागात अप्रेंटिस होती. गेल्या मंगळवारी मी पतसंस्थेत असताना चाकणच्या एका कंपनीसाठी एचआरचा फोन आला. रेझ्युमेवर माझा नंबर आहे. मुलगी तेव्हा एसटीने साताऱ्याला निघाली होती. संधी हातची जाऊ नये म्हणून मी तिला लगेच कॉन्फरन्सवर घेतलं. पगाराची अपेक्षा, शिफ्ट वगैरे मी सांगितलं. पण तांत्रिक प्रश्न आल्यावर ती गप्पच झाली. व्हर्निअरचा लीस्ट काउंटसुद्धा (त्या मोजायच्या साधनावर वाचता येणारं सर्वांत लहान माप) सांगता आला नाही. त्यानंतर त्यांचा फोन नाही. इथल्या एका क्लासचे सर म्हणतात, कंपन्या प्रसंगावधान तपासायला मुद्दाम असे अचानक फोन करतात. त्यांचा तीन महिन्यांचा इंग्रजी आणि इंटरव्ह्यूचा कोर्स आहे, फी ३८ हजार. क्लास लावावा, एमबीएला घालावं, की एमपीएससीला बसवावं?
– एक पालक, कराड

नमस्कार.

लीस्ट काउंटचं नंतर बघू. आधी त्या कॉन्फरन्स कॉलचं बोलू.

पत्र तुम्ही सांगितलंत आणि टाइप तुमच्या मुलीने केलं असं दिसतंय, कारण तुमच्या सहीखाली चार ओळी तिच्या आहेत. तुम्ही त्या वाचल्यात की नाही, कल्पना नाही, म्हणून इथे देते: "मॅडम, लीस्ट काउंट ०.०२ एमएम. वर्षभर रोज हातात होता. गाडी उंब्रजच्या पुढे होती, आवाज नीट येत नव्हता. मी उत्तर देणार तेवढ्यात बाबा 'सांग, सांग, येतंय तुला' म्हणायला लागले आणि मला काही सुचेना. शेजारच्या आजी पण बघायला लागल्या."

म्हणजे उत्तर तिला येत होतं. अडलं ते वडील लाइनवर होते म्हणून. तुम्ही शाळेत असताना वर्गात साहेब तपासणीला आले आणि मागच्या बाकावर तुमचे वडीलही येऊन बसले असते, तर तुम्हाला सतराचा पाढा आठवला असता का?

आता पलीकडच्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याने एका उमेदवार मुलीला फोन लावला. उचलला एका पुरुषाने. तो म्हणाला थांबा, तिला जोडतो. जोडल्यावर अपेक्षित पगार त्यानेच सांगितला, रात्रपाळी चालणार नाही हेही त्यानेच सांगितलं, आणि मुलीला बोलायची पाळी आली तेव्हा मागून तिला ढोसायलाही तोच. या मुलीला उद्या शॉप फ्लोअरवर उभं राहून सुपरवायझरला "हा लॉट रिजेक्ट आहे" असं सांगायचं आहे. क्वालिटीचं काम म्हणजे मुख्यतः तेच. प्रॉडक्शनवाले माल पुढे ढकलायची घाई करणार आणि हिने गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, हातात घेऊन नाही म्हणायचं. स्वतःच्या पगाराचा आकडा जिचे वडील सांगतात, ती हे करेल यावर त्या माणसाने का विश्वास ठेवावा? मी त्या खुर्चीत असते तर मीही पुढच्या नंबरकडे वळले असते.

रात्रपाळीबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीची २०२० ची केंद्रीय संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यानुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेच्या अटी मालकाला पाळाव्या लागतात. संमती तिची. वडिलांच्या संमतीचा रकाना त्या कायद्यात नाही. तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते का, रात्री पाळीत आणखी किती बायका असतात, हे विचारायलाच हवं. पण ते तिने विचारायचं आणि उत्तर ऐकून तिने ठरवायचं. तुम्ही पहिल्याच मिनिटाला "चालणार नाही" म्हणालात तेव्हा त्या जागेला रात्रपाळी होती की नव्हती हेसुद्धा कुणी विचारलेलं नव्हतं.

पगाराचा आकडा तुम्ही पत्रात दिला आहे: वर्षाला सहा लाख, कारण पुतण्याला हिंजवडीत पहिल्याच नोकरीत तेवढे मिळाले. पुतण्या आयटीत आहे. चाकणच्या सुट्या भागांच्या प्लांटमधल्या क्वालिटीच्या पहिल्या पायरीशी त्याचा संबंध काय? फोन करणाऱ्याला कंपनीने एक मर्यादा दिलेली असते. आकडा तिच्या फार वर गेला की तो वाद घालत बसत नाही, "ठीक आहे, कळवतो" म्हणतो. ते "कळवतो" तुम्ही ऐकलंत आणि दोष मुलीच्या इंग्रजीला दिलात.

आता क्लासच्या सरांचा सिद्धांत, की कंपन्या प्रसंगावधान तपासायला मुद्दाम न कळवता फोन करतात. हा गैरसमज इतक्या घरांत बसलाय की जरा सविस्तर सांगते. असा फोन करणारा बहुतेकदा कंपनीतला असतोच असं नाही. भरतीचं काम बाहेरच्या कन्सल्टन्सीला दिलेलं असतं. तो सकाळी नोकरीच्या पोर्टलवर शोध टाकतो: मेकॅनिकल, क्वालिटी, शून्य ते दोन वर्षं, पुणे विभाग. यादी येते. एकेक नंबर फिरवत जातो. कोणी उचलत नाही, कोणी दुसरीकडे लागलेला असतो, कोणाला पुण्यात यायचंच नसतं. प्रत्येकाला आधी ईमेल करून वेळ ठरवत बसला तर त्याचा दिवस त्यातच जाईल, म्हणून थेट फोन. समोर एक्सेल उघडी असते आणि रकाने ठरलेले: आत्ता कुठे राहता, अनुभव किती, आधीचा पगार, अपेक्षा, किती दिवसांत रुजू व्हाल, शिफ्टची तयारी. सोबत कंपनीने दिलेले एकदोन जुजबी तांत्रिक प्रश्न. पाच-दहा मिनिटांत ओळ भरली की पुढचा फोन. ही चाळणी झाली, मुलाखत नव्हे. मुलाखतीचं पत्र येतं, त्यात तारीख असते, वेळ असते, प्लांटचा पत्ता किंवा व्हिडिओ कॉलची लिंक असते. तुमची मुलगी मुलाखतीत नापास झालेली नाही. तिची मुलाखत झालेलीच नाही.

आणि चाळणीचा फोन आला त्या क्षणीच घ्यावा लागतो, हेही खरं नाही. "आत्ता प्रवासात आहे, अर्ध्या-पाऊण तासाने बोलू शकते, मीच फोन करू का?" असं विचारलं म्हणून कोणी उमेदवार बाद करत नाही. तो रोज असे फोन लावणारा माणूस आहे. समोरचा कधी बसमध्ये असतो, कधी सध्याच्या नोकरीत साहेबासमोर, हे त्याला पाठ असतं. एखादा अडून बसतोही, "आत्ताच बोला." तेव्हा आवाज येत असेल तर बोलावं, नसेल तर सोडून द्यावं. आणि कोणी रजिस्ट्रेशनचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे किंवा ऑफर लेटरचे पैसे मागितले तर तो फोन नोकरीचा नाहीच. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची.

तुमचा नंबर रेझ्युमेवर का, याचं कारण तुम्ही लिहिलंय: मुलीचा नंबर कुठेकुठे जातो, नको ते फोन येतात. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पोर्टलवर टाकलेला रेझ्युमे अनोळखी लोक उघडतात, त्यात कर्ज विकणारे असतात, क्लास विकणारे असतात, आणि मुलींना त्याहून वाईट अनुभवही येतात. पण त्यावरचा उपाय साधा आहे. तिच्या नावावर वेगळं सिम घ्या, फक्त नोकरीसाठी. दोन सिमचे फोन आता सगळ्यांकडे असतात. त्रास झाला तर ती ब्लॉक करेल, नोकरी लागल्यावर सिम बंद करेल. तुमचा नंबर तिथून काढा. पोर्टलवरून, रेझ्युमेवरून, कॉलेजच्या प्लेसमेंट सेलच्या यादीतून, अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरूनही. ईमेलचा पासवर्डही तुमच्याकडे आहे, असं पत्रातल्या "मी रोज मेल बघतो" यावरून वाटतं. तो तिला बदलू द्या.

३८ हजारांचा क्लास लावू नका. ज्यांना हा फोन काय असतो हेच माहीत नाही, ते त्याची तयारी कशी करून घेणार? क्वालिटीत इंग्रजी लागतं ते ड्रॉइंग वाचायला, ग्राहकाच्या तक्रारीवर ८डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) भरायला, चार ओळींचा मेल लिहायला. हे तिने वर्षभर केलेलं असणार. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदी चालते. बोलायची भीड मोडायला मैत्रिणीला रोज संध्याकाळी फोन करून तिच्याकडून उलटसुलट प्रश्न विचारून घेतले तरी पुरे, त्याला फी नाही.

एमबीए, एमपीएससी, गेट: यातलं काही तिला हवं असेल तर तिने वेगळं पत्र लिहावं, मी उत्तर देईन. एक फोन फसला म्हणून मुलीला स्पर्धा परीक्षेला बसवायचं, हा निर्णय रागाचा आहे आणि त्यात दोन-तीन वर्षं जातात.

यापुढचं तुमच्या मुलीसाठी लिहिते आहे. तुम्ही वाचलंत तरी चालेल.

तू गडबडलीस यात बाबांचा वाटा मोठा आहे, पण थोडा तुझाही आहे. फोन कुठल्या कंपनीसाठी होता हे तुला अजूनही माहीत नाही, असं पत्रावरून दिसतंय. पोर्टलवर एक बटण दाबलं की अर्ज जातो, म्हणून बसल्या बैठकीला वीस अर्ज जातात आणि आठवड्याने एकही आठवत नाही. एक वही कर. तारीख, कंपनी, पद, प्लांट कुठे, कुठला रेझ्युमे पाठवला. मोबाइलमध्ये नको, फोनवर बोलत असताना त्याच फोनमध्ये शोधत बसणं जमत नाही. वही पिशवीत राहू दे.

फोन आला की आधी तू विचार. कोण बोलतंय, कन्सल्टन्सी की कंपनी, पद कुठलं, प्लांट कुठला. हे विचारलं म्हणजे उद्धटपणा झाला असं नाही. उलट समोरच्याला कळतं की मुलगी जागी आहे. विचारताना तुला श्वास घ्यायला अर्धा मिनिटही मिळतं. बस असेल, दळणाची रांग असेल, लग्नाचा मांडव असेल, तर वेळ मागून घे आणि सांगितलेल्या वेळेला स्वतः फोन लाव. तो करेल म्हणून वाट बघू नकोस, तो विसरलेला असतो.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर घरी कोण कोण असतं आणि छंद काय, हे नको. अप्रेंटिसशिपपासून सुरुवात कर. कुठला पार्ट तपासायचीस, कुठल्या गेजने, एखादा दोष तुला सापडला असेल तर तो कसा सापडला. तुझ्या चार ओळींत ०.०२ एमएम इतकं सरळ लिहिलंयस, तसंच बोलायचं. पुढचा प्रश्न बहुधा मायक्रोमीटरचा येतो, ०.०१, हे तुला माहीतच आहे. पण व्हर्निअर कुठे आणि मायक्रोमीटर कुठे वापरायचा, याचं तुझ्या पार्टमधलं एक उदाहरण तयार ठेव. तिथे पुस्तक वाचून आलेल्या मुलांपेक्षा तू वेगळी दिसशील.

आणि रेझ्युमेवर तू फ्रेशर लिहिलंयस ते बदल. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचं वर्ष केलंस, त्याचं सरकारी प्रमाणपत्र मिळतं. काही कंपन्या ते अनुभवात धरतात, काही धरत नाहीत. धरायचं की नाही ते त्यांना ठरवू दे, तू आपणहून खोडू नकोस.

राहिला तो मंगळवारचा माणूस. त्याचा नंबर बाबांच्या फोनमध्ये अजून असेल. नवीन सिम चालू झालं की त्यावरून त्याला लाव. सकाळी अकरानंतर किंवा दुपारी जेवण झाल्यावर, सोमवारी सकाळी नको. इतकंच सांग की मंगळवारी बसमध्ये आवाज येत नव्हता, बोलणं अर्धवट राहिलं, जागा अजून असेल तर पाच मिनिटं हवीत. पगाराबद्दल विचारलं तर त्या पदासाठी कंपनीची मर्यादा काय आहे ते आधी विचार, मग तुझा आकडा सांग. शिफ्टबद्दल तुझं जे उत्तर असेल ते दे. जागा भरली असेल तर दुसरीकडे आहे का ते विचार, कारण या लोकांच्या हातात एकाच वेळी पाच-सहा कारखान्यांच्या जागा असतात. उचलला नाही तर मेसेज टाक: नाव, शाखा, क्वालिटीतलं एक वर्ष, नवीन नंबर. एवढं बास.