मुरगळलेल्या घोट्यात जंतू नसतानाही सूज का येते, ती आपोआप कशी ओसरते, आणि सूज येणे हे प्रतिकारशक्ती कमी असल्याचे लक्षण आहे का?

प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेते, कारण उत्तर लिहायला बसले ते त्याच्यामुळेच. नाही, सूज येणे हे प्रतिकारशक्ती कमी असल्याचे लक्षण नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खरोखर खालावलेली असते, उदाहरणार्थ कर्करोगावरील औषधांमुळे ज्यांच्या रक्तातील न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गावर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ संपलेले असतात, त्यांना जंतुसंसर्ग झाला तरी लाली, सूज आणि पू फारसे दिसत नाहीत, आणि म्हणूनच अशा रुग्णाचा साधा ताप डॉक्टर तातडीची बाब मानतात. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटताच येत नाही, असा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात, पण संसर्गाच्या जागी पू धरत नाही. तुमचा घोटा काही तासांत सुजला, याचा अर्थ तुमची जन्मजात प्रतिकारयंत्रणा जागेवर होती आणि तिने आपले काम केले.

जंतू नसताना तिला जाग का यावी, हा तुमचा पहिला प्रश्न. पाय मुरगळतो तेव्हा लिगामेंटचे, म्हणजे हाडांना हाडे जोडणाऱ्या पट्ट्यांचे, तंतू आणि त्यांच्या भोवतालच्या पेशी फाटतात, आणि एरवी पेशीच्या आत बंदिस्त असणारे पदार्थ, म्हणजे एटीपी हा पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू, केंद्रकातील काही प्रथिने, डीएनएचे तुकडे, बाहेर सांडतात. जन्मजात यंत्रणेकडे जंतूंच्या ठरावीक रेणूंना ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे इशारा टिपणारी प्रथिने, असले पाहिजेत, असे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडले होते. पुढच्या दशकात टोल आणि त्याच्यासारखे रिसेप्टर ओळखले गेले तेव्हा ते खरे ठरले, आणि या कामासाठी ब्रूस ब्यूटलर व जूल्स हॉफमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये मांडलेला मुद्दा मला तुमच्या घोट्याच्या बाबतीत अधिक कामाचा वाटतो: परके कोण आणि आपले कोण याहून, नुकसान कुठे झाले आहे याकडे या यंत्रणेचे लक्ष असते. ऊतींमध्ये कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज (कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि मास्ट पेशी (हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी) सांडलेला माल ओळखतात. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांच्या भिंती झिरपू लागतात, प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदनेच्या नसा हळव्या होतात, आणि न्यूट्रोफिल भिंतीवरून घरंगळत, थांबत, फटीतून बाहेर पडून त्या जागी जमतात. पुढचे तुम्ही अनुभवलेच आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, त्याचे कारण माझ्या घरात घडलेले आहे. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाचा गुडघा एका रात्रीत सुजला. कातडी लाल, तापलेली आणि चकाकणारी झाली होती आणि अंगावरची चादर गुडघ्याला लागली तरी त्याला सोसवत नव्हते. आमच्या काकांनी त्याच दिवशी निदान करून टाकले, की जंतू शिरले आहेत, प्रतिकारशक्ती खालावल्याशिवाय ते शिरत नाहीत, म्हणून प्रतिजैविक सुरू करा आणि प्रतिकारशक्ती वाढवा. दादाच्या डॉक्टरांनी मात्र गोळी लिहून देण्याआधी सुई घालून सांध्यातले पाणी काढले, आणि तो नमुना आमच्याकडे आला. अहवालावर सही पॅथॉलॉजिस्टची असते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर माझी पडली.

निरोगी सांध्यातले पाणी फिकट, नितळ आणि चिकट असते. सुईच्या टोकावरून थेंब सोडला तर त्याची तार लांबत जाते. दादाच्या गुडघ्यातले पाणी गढूळ होते आणि ते नुसतेच ठिबकत होते. स्लाइड तयार करून मी ती पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशाखाली, कॉम्पेन्सेटर ही रंगांचा फरक दाखवणारी काच घालून पाहिली. गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर सुयांसारखे बारीक स्फटिक उजळले. कॉम्पेन्सेटरच्या अक्षाला समांतर असलेले पिवळे दिसत होते आणि आडवे असलेले निळे, आणि स्लाइड काटकोनात फिरवली की पिवळ्यांचे निळे होत होते. काही सुया न्यूट्रोफिलच्या आत होत्या, आणि एक सुई तर इतकी लांब होती की गिळणाऱ्या पेशीच्या दोन्ही कडांतून तिची टोके बाहेर आली होती. ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे नमुना रंगवून पाहिल्यावर, जंतू दिसले नाहीत आणि कल्चरमध्येही, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीतही, काही उगवले नाही. युरिक ॲसिडच्या क्षाराचे हे स्फटिक सांध्यात ओळखण्याची ही पद्धत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिली, आणि गाउटचे, म्हणजे या स्फटिकांमुळे होणाऱ्या सांध्याच्या आजाराचे, निदान आजही सर्वांत भरवशाने तिच्यामुळेच होते.

म्हणजे जंतू एकही नाही, आणि तरीही सांधा असा पेटलेला. हे कसे होते, ते युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने उलगडले. २००२ मध्ये त्यांनी इन्फ्लमासोम नावाच्या प्रथिनसंचाचे वर्णन केले आणि २००६ मध्ये दाखवले की युरिक ॲसिडचे स्फटिक तोच संच चालू करतात. मॅक्रोफेज स्फटिक गिळते, पण त्याला पचवू शकत नाही; पेशीतले पोटॅशियम बाहेर जाते, एनएलआरपी३ हे प्रथिन इतरांना जोडून घेऊन हा संच उभा करते, आणि त्यातून जागे झालेले कॅस्पेस-१ हे एन्झाइम इंटरल्यूकिन-१ बीटा या दाह पेटवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाच्या निष्क्रिय रूपाला कापून कामाला लावते. इथे एक बाब नीट लक्षात घेण्यासारखी आहे. कापण्यासाठी ते निष्क्रिय रूप आधी तयार झालेले असावे लागते, आणि ते तयार करायला टोलसारख्या रिसेप्टरकडून वेगळा इशारा यावा लागतो. एका इशाऱ्यावर दाह, म्हणजे लाली, सूज आणि वेदनेची ही प्रतिक्रिया, सुरू होत नाही, दोन लागतात. स्फटिक सांध्यात वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहतात आणि एखाद्या आजारपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर अचानक झटका येतो, त्यामागे ही दुहेरी अट असते. माझ्या दृष्टीने नियंत्रण तिथूनच सुरू होते, दाह पेटल्यानंतर नव्हे.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी पोटात जळजळ होऊ लागली म्हणून दादाने त्या लवकरच सोडल्या, आणि काकांनी आणलेली प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर मात्र नेमाने घेतली. आठवडा सरता सरता गुडघा उतरला. काकांनी त्याचे श्रेय पावडरीला दिले, आणि तेव्हापासून आमच्या घरात हा वाद चालू आहे. काकांचा युक्तिवाद असा, की सूज गेली म्हणजे कारण गेले, आणि कारण घालवले ते वाढलेल्या प्रतिकारशक्तीने. मला हे तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. गाउटचा झटका औषध न घेताही साधारण एक ते दोन आठवड्यांत शमतो, आणि तो शमल्यावरही स्फटिक सांध्यात तसेच राहतात. पूर्णपणे शांत असलेल्या सांध्यांतून काढलेल्या पाण्यातही ते सापडलेले आहेत. कारण जागेवर आहे आणि दाह मात्र थांबला आहे, तर तो थांबवला कोणी, हाच तुमचाही दुसरा प्रश्न आहे.

तो त्याच यंत्रणेने थांबवला. दाहाच्या जनुकांना चालू करणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन त्याच वेळी स्वतःला मागे खेचणारे प्रथिनही तयार करवून घेते. इंटरल्यूकिन-१ च्या पाठोपाठ तिचा प्रतिरोधकही स्रवतो, जो तिच्याच रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि पुढे काहीही कळवत नाही. अधिवृक्क ग्रंथीतून येणारे, दाह दाबणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. ते ठरल्याप्रमाणे मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि हे गिळणेच मॅक्रोफेजचा स्वभाव बदलते, कारण त्यानंतर ती इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा असे शमवणारे पदार्थ सोडू लागते. चार्ल्स सेरहान आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९८४ मध्ये लायपोक्सिन शोधले, आणि पुढे सेरहान यांनी रेझॉल्विन. मेदाम्लांपासून बनणारे हे रेणू न्यूट्रोफिलची नवी भरती थांबवतात आणि साफसफाईला वेग देतात. गाउटमध्ये तर आणखी एक विलक्षण गोष्ट २०१४ मध्ये दाखवली गेली: सांध्यात दाटीने जमलेले न्यूट्रोफिल आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, त्या जाळ्यांचे गोळे होतात, आणि त्यांत अडकलेले दाहकारक रेणू न्यूट्रोफिलच्याच एन्झाइमांनी कापले जातात. ज्या पेशींनी दाह वाढवला, त्याच पुरेशा संख्येने जमल्या की तो संपवू लागतात. दाह दमून विझतो अशी समजूत सर्रास आढळते, आणि ती चूक आहे. त्याला थांबवायला सुरू करण्याइतकेच काम लागते.

हे काम ज्यांच्यात होत नाही, त्यांच्याकडे पाहा. इंटरल्यूकिन-१ चा प्रतिरोधकच ज्यांना जन्मतः बनवता येत नाही अशा मुलांचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले; जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांच्या कातडीवर पूयुक्त पुरळ उठते आणि हाडे सुजतात, आणि त्या पुवात जंतू नसतात. बाहेरून तो प्रतिरोधक, म्हणजे ॲनाकिन्रा हे औषध, दिले की त्यांच्यात झपाट्याने सुधारणा होते. त्याच वर्षी इंटरल्यूकिन-१० चा रिसेप्टर सदोष असलेल्या मुलांचीही नोंद झाली, ज्यांना तान्हेपणीच आतड्याचा तीव्र दाह होतो. या मुलांची प्रतिकारशक्ती वाढवा, असे कोणी म्हणणार आहे का? त्यांना हवा आहे तो लगाम. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सरसकट सल्ला मला निरर्थक वाटतो, आणि दाह झालेला असताना तर तो चुकीच्या दिशेचा वाटतो. ती पावडर प्रतिकारशक्ती खरोखर वाढवत असती, तर दादाच्या गुडघ्यासाठी ती नको असलेलीच गोष्ट ठरली असती. आणि तिने कारण घालवले असते, तर ती चालू असतानाच त्याला दुसरा झटका आला नसता. तो आला, आणि त्याही वेळी पाण्यात त्याच सुया होत्या. आता त्याचे रक्तातील युरिक ॲसिड औषधाने ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवले आहे, कारण त्या पातळीखाली साठलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. हा उपाय कारणावरचा आहे. काकांना मी हेच सांगत आले आहे.

तरीही काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. काकांची जंतूंविषयीची शंका मुळीच वेडगळ नव्हती. अचानक सुजलेल्या, तापलेल्या सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होऊ शकते, आणि स्फटिक व जंतू एकाच सांध्यात एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे सुया दिसल्या तरी कल्चर टाळून चालत नाही. माझा आक्षेप तपासणीआधीच ठरवलेल्या उत्तराला आहे. झटक्याच्या दिवसांत रक्तातील युरिक ॲसिड सामान्य येऊ शकते, तेव्हा त्या एका आकड्यावरून गाउट नाही असेही ठरवू नये. शिवाय ते कमी करणारे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, म्हणून डॉक्टर सोबत बऱ्याचदा कोल्चिसिन हे झटके रोखणारे औषध देतात.

वेदनाशामक गोळी घ्यावी का, हाही प्रश्न इथे साहजिकच येतो. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे, की दाह शमण्याच्या टप्प्यात कॉक्स-२ हे एन्झाइम, जे अनेक वेदनाशामक गोळ्या रोखतात, रोखले तर शमन लांबते. पण त्यावरून मुरगळलेल्या घोट्याला गोळी घेऊच नये असा निष्कर्ष मी काढणार नाही. वेदनेने चालणे किंवा झोपणे अशक्य झाले असेल तर मूत्रपिंड, जठर आणि चालू औषधे यांचा विचार करून, डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्यावी. मात्र सुजलेल्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर सूज आपोआप ओसरण्याची वाट न पाहता एक्स-रे काढून घ्या.