कोकणात राहून, ट्रॅकर न घेता कृत्तिकेचा फोटो काढता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गुहागरजवळ, हाताशी एक साधा डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स, एक ट्रायपॉड. कृत्तिकेच्या तारकापुंजाचा फोटो काढला की एक तर ताऱ्यांच्या रेघा येतात, नाहीतर नुसता काळा चौकोन. इतरांच्या फोटोंत दिसणारी ती निळी धूसर झाक कुठेच नाही. मग ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. मी तुमच्याच किनाऱ्यावर, थोडा वर, दापोली तालुक्यात राहतो आणि अशाच सामानावर चार हिवाळे काढलेत. तुमच्याकडे आहे त्यात कृत्तिका चांगली येते. ती निळी झाक मात्र जरा नाटकी प्रकरण आहे, त्यावर पुढे येतो.

आधी माझा पहिला पराक्रम. त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दीपमाळ लागली होती, आकाश स्वच्छ, म्हटलं आजच मुहूर्त. कार्तिक महिन्याला कार्तिक म्हणतात तेच मुळी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकेपाशी असतो म्हणून. हे शाळेत पाठ केलं होतं, पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो कॅमेऱ्यात पडला. सगळ्या फ्रेम पांढऱ्याफटक. तेव्हा पंचांग बघा आणि त्याच्या पंधरा दिवसांनी, देवदिवाळीच्या आसपास बाहेर पडा. अमावास्या असते, पावसाची धाकधूक बहुतेक संपलेली असते, आणि रात्री नऊच्या सुमाराला कृत्तिका पूर्वेकडे निम्म्या आकाशापर्यंत चढलेल्या असतात. मध्यरात्रीची वाट बघू नका. आपल्या अक्षांशावर त्या डोक्यावर, शिरोबिंदूपासून सहा-सात अंशांवर येतात आणि साध्या ट्रायपॉडवर कॅमेरा सरळ वर रोखणं म्हणजे मानेचा आणि ट्रायपॉडच्या डोक्याचा, दोघांचाही छळ.

(शेजारच्या मुरुडचे ज्योतिषशास्त्राचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, यांचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचं वाक्य शतपथ ब्राह्मणात आहे. त्यावरून त्यांनी गणित मांडून तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा ठरवला. आज त्याच कृत्तिका आपल्याकडे नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्याचा हा परिणाम. डोंगराआडून त्या कुठे वर येणार हे शोधताना मला हे उपयोगी पडलं.)

जागा. पुळणीवर जाऊ नका. मोह होतो, मलाही झाला होता. तिथे खारा दमट पडदा असतो, बोटींचे दिवे असतात आणि ट्रायपॉडच्या सांध्यात गेलेली वाळू पुढल्या वर्षापर्यंत करकरते. गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जा. रात्र चढली की मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि तो धुरकट ओलावा बराचसा मागे रेटतो. बंदराचा उजेड पश्चिमेला राहतो, तुमची पाठ त्याच्याकडे असते. पायात बूट हवेत आणि हातात विजेरी, कातळावर फुरशी, म्हणजे विषारी साप, असतात. एकट्याने जाऊ नका.

आता रेघांचं. आकाश तासाला १५ अंश फिरतं, त्यामुळे लेन्स जितकी लांब तितका तारा लवकर सरकलेला दिसतो. ५५-२५० लेन्स १३५ वर ठेवा आणि शटर दीड सेकंदाच्या पुढे नेऊ नका. अडीचशेवर जाण्यात अर्थ नाही, रेघा दुप्पट वेगाने येतात. कृत्तिकेचा पुंजका जवळजवळ दोन अंशांचा आहे, म्हणजे चार पूर्णचंद्र ओळीने ठेवल्याएवढा, १३५ ला तो छान मावतो. छिद्र जितकं उघडेल तितकं उघडं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता) १६०० किंवा ३२००, आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. ऑटोफोकसही बंद: लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून रोहिणीवर हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका.

दीड सेकंदात एका फ्रेममध्ये काय येणार? जवळजवळ काहीच नाही. म्हणून अशा तीनशे-चारशे फ्रेम काढायच्या. वायरवाला टायमर रिमोट घ्या, बोटाने दाबत बसलात तर कॅमेरा हलतो आणि तुम्हीही वैतागता. दर सात-आठ मिनिटांनी पुंजका फ्रेमच्या कडेला सरकतो, तेव्हा हलक्या हाताने पुन्हा मधोमध आणा. शेवटी लेन्सला झाकण लावून, तीच सेटिंग ठेवून, तिथेच पंचवीस-तीस फ्रेम घ्या. त्यांना डार्क म्हणतात, कॅमेऱ्याच्या गरम झालेल्या ठिपक्यांचा हिशोब त्यांतून लागतो. फ्लॅट फ्रेम म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेम; त्यांच्यासाठी फोकस न हलवता लेन्सवर धुतलेलं पांढरं बनियन ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखा. हसू नका, कडांचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ त्यानेच जाते.

मग घरी येऊन सगळं डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये घाला. दोन्ही फुकट आहेत. प्रोग्रॅम तारे जुळवून फ्रेम एकावर एक रचतो. ताऱ्याचा उजेड प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, कचकच, म्हणजे फोटोतले नको ते दाणे, मात्र दर वेळी वेगळी. म्हणून शंभर फ्रेमच्या सरासरीत ती दहा पटींनी उतरते, चारशेत वीस पटींनी.

रचून झालं की समोर पुन्हा काळा चौकोन येईल. तुम्हीही इथेच सोडून दिलं असावं, असा माझा अंदाज आहे. चित्र काळं नाही. सगळा माल हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या, काळ्या टोकाला चेपून बसलाय, तो ताणून बाहेर काढायचा असतो. पण ताणण्याआधी बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन करा, म्हणजे गावाच्या उजेडाचा एका बाजूचा पिवळट उतार जाईल. मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन, यात प्रोग्रॅम ताऱ्यांचे खरे रंग यादीतून बघून जुळवतो. त्यानंतर ताणा, थोडं थोडं करून, चार-पाच खेपांत. एकदम ताणलंत तर तारे पांढरे ठिपके होतात आणि त्यांचा निळा रंग कायमचा जातो.

आता त्या निळ्या झाकेबद्दल. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या फोटोत ती आली. प्रत्येक ताऱ्याभोवती गोल, मऊ, निळसर वलय. मी हरखून घरभर दाखवलं. भाचीने मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हे सगळ्यांभोवती सारखंच कसं?" ते दव होतं. लेन्सच्या काचेवर पातळ थर बसला होता आणि कृत्तिकेचे ठळक तारे मुळातच निळे, म्हणून वलयंही निळी.

खरी झाक गोल नसते, फराटेदार असते, आणि सगळीकडे सारखी नसते. ती धूळ आहे, जवळच्या ताऱ्यांच्या निळ्या उजेडात दिसणारी. कृत्तिकेतल्या मेरोपी या ताऱ्याभोवती ती सगळ्यात ठळक आणि एका बाजूला पसरलेली, तर टोकाच्या ॲटलसभोवती नावालाच. खगोलशास्त्रज्ञ विल्हेल्म टेंपल यांनी १८५९ मध्ये ती मेरोपीपाशी दुर्बिणीला डोळा लावून पाहिली. माया ताऱ्याजवळची मात्र पॅरिसमध्ये हेन्री या खगोलशास्त्रज्ञ बंधूंच्या १८८५ च्या फोटोवरच पहिल्यांदा उमटली. म्हणजे तुमच्या फोटोत ॲटलस आणि मेरोपी दोघांभोवती सारखंच वलय दिसलं तर काच पुसा. आपल्या सात कृत्तिकांच्या तैत्तिरीय संहितेतल्या नावांत अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती अशी नावं आहेत. त्या दिवसापासून आमच्याकडे दव बसलं की भाची विचारते, आज यांतली कोण आली?

दवावर उपाय म्हणजे पुठ्ठ्याचं लांब नळकांडं लेन्सला हूड म्हणून, आणि पॉवर बँकेवर चालणारा हीटर पट्टा. पट्टा नसेल तर दर वीस मिनिटांनी विजेरीने काच तिरकी तपासा. दमट रात्री घरी आल्यावर लेन्स थेट बॅगेत कोंबू नका. आधी वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. आपल्या हवेत बुरशीला एक पावसाळा पुरतो.

तुमच्या सामानावर सात-आठ मिनिटांच्या एकूण उजेडात निळे तारे स्वच्छ येतील, धूळ नाही. बऱ्याच रात्रींच्या फ्रेम एकत्र करून तासभराचा उजेड साठवलात तर मेरोपीपाशी एक पुसट फराटा मिळू शकतो. मला तिसऱ्या वर्षी मिळाला.

त्यापुढे जायचं तर ट्रॅकर लागतोच. पण तो ध्रुवताऱ्याकडे रोखून बसवावा लागतो आणि गुहागरहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी एका रात्री जिथे ट्रायपॉड लावणार तिथे उभे राहा आणि उत्तरेला बघा. माझ्या खळ्यातून ध्रुवाच्या जागी शेजाऱ्यांचा माड दिसतो.