वाचकांचे प्रश्न : विजयदुर्गावरचे ओटे, कुडलची ओळ आणि फेब्रुवारीतले शंभर रुपये

महाराष्ट्र दिन होऊन गेला की या सदराकडे येणाऱ्या टपालाचा रंग बदलतो. एरवी व्याकरण, पंचांग आणि घरगुती औषधे यांविषयी विचारणारे वाचक त्या सुमारास आपापल्या जिल्ह्यातली एखादी नवलाची गोष्ट लिहून पाठवतात आणि ती खरी आहे का, असे विचारतात. किंवा ती खरी आहे, एवढेच आमच्याकडून वदवून घेऊ पाहतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. प्रश्नमंजूषेत ‘हेलियमचा शोध कोठे लागला?’ या प्रश्नाचे उत्तर ‘विजयदुर्ग किल्ला’ असे ठरलेले होते. एका मुलाने ‘गुंटूर’ असे लिहिले आणि त्याला शून्य मिळाले. आमच्या गावाचा मान कमी व्हावा असे मला वाटत नाही; पण खरे काय ते कळावे. (एक शिक्षिका, जिल्हा सिंधुदुर्ग)

उत्तर : बाई, त्या मुलाला गुण देऊन टाका. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि ते भारतातून दिसले, येथपर्यंत विजयदुर्गची कथा बरोबर आहे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांचा प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, त्यांना इतक्या ठळक रेषा दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसतील असा तर्क त्यांनी केला आणि दुसऱ्याच दिवशी तो पडताळूनही पाहिला. लेफ्टनंट हर्शेल हे त्याच ग्रहणासाठी पटवर्धनांच्या संस्थानात, जमखंडीला, दुर्बीण लावून बसले होते. ज्यांचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, कोणतेही ग्रहण नसताना, त्यांनी तेथूनच ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेच्या जवळ असली तरी तिच्याशी जुळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि पुढे ती रेषा ज्या अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली, त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव पडले. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडले; एका खनिजातून ते रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांनी वेगळे केले. तेव्हा हा एका जागी, एका दिवशी लागलेला शोध नाही, आणि त्यातले कोणतेही जन्मस्थळ विजयदुर्ग नाही.

मग दुर्बिणी लावण्याचे चौथरे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या, किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’चे काय, असे आपण विचाराल. लॉक्यर विजयदुर्गला खरोखरच आले होते. मात्र तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी झालेल्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी हे ठिकाण निवडले, आणि ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून, त्यांना उपकरणे हाताळायला आणि निरीक्षणे टिपायला शिकवून, मोठी मोहीम उभी केली. त्या मोहिमेचा अहवाल विजयदुर्गच्या नावानिशी छापलेला आहे. लोकांच्या आठवणीत साहेब राहिला, ओटे राहिले, ग्रहण राहिले. फक्त साल घसरले आणि त्याबरोबर शोधही इकडे आला. आजही १८ ऑगस्टला विजयदुर्गावर ‘हेलियम दिन’ साजरा होतो. माझे मत विचाराल तर तो २२ जानेवारीला करावा, म्हणजे ओट्यांशी त्याचा मेळ बसेल.

शिवाय १८९८ ची खरी हकिगत या हेलियमच्या कथेपेक्षा कमी रंजक नाही. त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर आली आणि ईशान्येकडे सरकत देशावरून वऱ्हाडात गेली. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, पुणे–सोलापूर लोहमार्गावर, जेऊर नावाचे स्थानक आहे. गाडी तेथे थांबली तरी खाली कशाला उतरायचे, असा प्रश्न पडावा असे ते गाव. पण त्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपल्या लांबलचक दुर्बिणीसह तेथे तळ देऊन होते. खग्रास स्थिती होती सुमारे दोन मिनिटे, आणि तेवढ्यासाठी ते अर्धी पृथ्वी ओलांडून आले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली छावणी टाकली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात त्यांनी वेधशाळा उभारली होती. तिच्यातील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती आणि ती १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. जेऊरच्या निरीक्षणांचा नायगमवालांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. आणखी पुढे, धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यानच्या तळणी येथे, ॲनी माँडर या विदुषीने स्वतः योजलेल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचे छायाचित्र घेतले. त्यात उमटलेला लांब किरण त्याआधीच्या कोणत्याही छायाचित्रात इतक्या दूरवर आलेला नव्हता.

कोकणचा किनारा, सोलापूरचा माळ आणि वऱ्हाडातले एक स्थानक एकाच दुपारी एका सावलीखाली आले, यावर आपल्या पुढच्या प्रश्नमंजूषेत तीन प्रश्न सहज बसतील, आणि त्यांच्या उत्तरांवरून भांडण होणार नाही.

प्रश्न : मराठीतले पहिले कोरीव वाक्य कोणते, यावरून आमच्या घरात वाद आहे. मुलाच्या पुस्तकात श्रवणबेळगोळ आहे. माझे साडू अलिबागचे, ते अक्षीचा आग्रह धरतात. आणि मी सोलापूरकर असल्यामुळे कुडल सोडायला तयार नाही. निवाडा करावा. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : साडवांच्या वादात पडू नये असे जाणते सांगतात, तरी प्रयत्न करतो. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी ‘श्रीचावुण्डराजे करवियले’ अशी ओळ आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची, म्हणून ही ओळही तेव्हाचीच, असे धरून तिला आद्यत्वाचा मान देण्यात आला. परंतु तिच्या जोडीला ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’ अशी दुसरी ओळ आहे. मूर्तीभोवतीचे आवार बांधणारा हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही ओळींचे वळण सारखे असल्याने पहिलीही त्याच वेळी, मागाहून, कोरली असावी हे मत पुढे आले आणि मला ते पटते. गंमत अशी की, पिढ्यानपिढ्या मराठी मुलांनी आपल्या भाषेचे पहिले वाक्य म्हणून जे पाठ केले, ते कर्नाटकात आहे.

अक्षीच्या लेखात ‘पश्चिमसमुद्राधिपती’ आणि ‘कोकणचा चक्रवर्ती’ म्हणवणाऱ्या केसीदेवरायाचे नाव आहे. त्यातील शकाचे आकडे कोणी ९३४ असे वाचतात, तर कोणी ११३२ असे. पहिले वाचन धरले तर इसवी सन १०१२ येते आणि आपले साडू जिंकतात. दुसरे धरले तर १२१० येते आणि ते स्पर्धेतूनच बाहेर पडतात. शिलाहारांच्या घराण्यात या नावाचे राजे दोन्ही काळांत सापडत असल्यामुळे राजावरून निकाल लावता येत नाही.

कुडलचे तसे नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तेथील संगमेश्वराच्या मंदिरातील तुळईवरचा लेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. त्याच्या शेवटी मराठी ओळ आहे : ‘वाछि तो विजेया होइवा’. वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ. मान वर करून ती वाचताना ‘वाछि’ या शब्दापाशी क्षणभर अडखळायला होते, आणि मग ते आपल्याच ‘वाचणे’चे जुने रूप आहे हे उमगते. अक्षीच्या आकड्यांचा वाद मिटेपर्यंत, वर्षाबद्दल शंका नसलेला लेख म्हणून मी कुडलच्या बाजूने कौल देतो. साडूंना मात्र हे पत्र जेवण झाल्यावर दाखवावे.

प्रश्न : आमच्या यवतमाळची ‘शकुंतला’ रेल्वे अजून इंग्रजांच्या मालकीची आहे आणि तिचे भाडे इंग्लंडला जाते, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : अर्धे खरे आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १८९ किलोमीटरचा अरुंद मार्ग वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी एका खासगी कंपनीने बांधला आणि रेल्वेला चालवायला दिला. स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वेमार्ग सरकारच्या ताब्यात आले, तेव्हा हा त्यातून सुटला आणि कराराप्रमाणे कंपनीला मोबदला मिळत राहिला. हे वेगळेपण अस्सल आहे. कंपनीचा कारभार पाहणारी किलिक-निक्सन ही पेढी १८५७ मध्ये ब्रिटिशांनी मुंबईत स्थापन केली, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती गेली. त्यामुळे विलायतेला जाणाऱ्या भाड्याची गोष्ट ऐकायला झणझणीत असली तरी ती टिकत नाही. मला स्वतःला तिच्या इंजिनाचे अप्रूप अधिक वाटते. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. सत्तर वर्षे एकाच रुळांवर एकच इंजिन, हे नवल मालकीच्या वादात झाकून गेले आहे.

प्रश्न : महाराष्ट्राची सर्व राज्यमानके सांगावीत. त्यात आपण पहिले कशात आहोत? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, वृक्ष आंबा आणि फूल ताम्हण, ज्याला जारूळ असेही म्हणतात. ताम्हणाची जांभळी फुले नेमकी महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे बहरतात, त्यामुळे ही निवड विशेष जमून गेली आहे. २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणजे राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू ठरले; फुलपाखराला असा मान देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवन वृक्ष ठरले, त्यातही आपण पहिले. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाले. त्याविषयी बांगडा आणि सुरमईच्या चाहत्यांची पत्रे आली आहेत, पण त्यांवर निर्णय देण्याचा अधिकार या सदराला नाही.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच नोकरीला लागला. त्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत मात्र ३०० कापले. सर्वांत लहान महिन्यात जास्त का? आणि हा कर आहे तरी कशासाठी? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : ताई, राज्याच्या अभिमानाचा विषय म्हणून हे पत्र पाठवले नाहीत, तरी मी ते मुद्दाम याच अंकात घेतले आहे. शंभर रुपयांचे कोडे सोपे आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार व्यवसाय कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. १९८८ च्या घटनादुरुस्तीपूर्वी ही मर्यादा फक्त २५० रुपये होती. अडीच हजारांना बाराने नीट भाग जात नाही. म्हणून अकरा महिने दोनशे घ्यायचे आणि उरलेले तीनशे आर्थिक वर्ष संपत आल्यावर फेब्रुवारीत घ्यायचे, अशी सोय केलेली आहे. महिना लहान की मोठा याचा त्यात काही संबंध नाही.

कशासाठी, हा आपला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होती. मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीपासून मांडली होती. तिला दुष्काळात धार आली आणि तिच्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा कोठून आणायचा, याचे एक उत्तर म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर. शहरात पगार घेणाऱ्याने खेड्यात कामावर येणाऱ्याच्या मजुरीचा वाटा उचलायचा, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते. राष्ट्रीय पातळीवरचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला.

या योजनेच्या हजेरीपत्रकांत घोळ झाले, कामे अर्धवट राहिली, मजुरी महिनोन्महिने थकली. हे सगळे झाले आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण गावाकडच्या एखाद्या रस्त्यावरून जाताना ‘हा दुष्काळात झाला’ असे सांगणारे म्हातारे आजही भेटतात, आणि पुष्कळदा त्या रस्त्याची खडी त्यांनी स्वतःच फोडलेली असते. मुलाने मार्चच्या सुरुवातीला पगारपत्रक दाखवून पुन्हा तक्रार केली, तर त्याला या करामागची ही हकिगत सांगावी.