रोपं खताने भाजली? बाटली खाली ठेवा, झारी उचला

रोपवाटिकेच्या ट्रेमधल्या रोपांबद्दल या आठवड्यात आलेले तीन प्रश्न. एकाच्या टोमॅटोच्या १८ दिवसांच्या रोपांची पानं कडेने करपली. दुसऱ्याची मिरची ट्रे ओला असूनही दुपारी माना टाकते. तिसऱ्याला कोबीच्या ट्रेवर पांढरी बुरशी दिसली आणि तो बुरशीनाशक विचारतो आहे. तिघांचंही शेवटचं वाक्य एकच: "साहेब, काय मारू?"

काहीच मारू नका. तिन्हीकडे खत जास्त झालंय.

आधी त्या पांढऱ्या थराचं पाहू. बोटाने घासा. बुरशी कापसासारखी मऊ लागते, खताचे क्षार मिठासारखे खरखरीत लागतात आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळतात. शेतात एखादा पाऊस आला तर जास्तीचे क्षार खाली जातात. बंदिस्त जागेत पाऊस नाही, त्यामुळे तुम्ही दिलेलं सगळं कप्प्यातल्या त्या चमचाभर कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुश्यात) साठत राहतं. ट्रेच्या कडेचे कप्पे आधी सुकतात, म्हणून तिथली रोपं आधी भाजतात. "कडेचीच का गेली?" असं विचारलं होतं, त्याचं उत्तर हे.

मग एक रोप गड्ड्यासकट उपसा. चांगली मुळं पांढरीशुभ्र असतात. खताने भाजलेल्या मुळांची टोकं तपकिरी झालेली असतात, बारीक केसाळ मुळं दिसतच नाहीत. अशा मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट खारं पाणी मुळातलंच पाणी ओढून घेतं. ओल्या ट्रेत रोप सुकतं ते यामुळे. त्याला तहान लागली समजून अजून खताचं पाणी दिलंत की खेळ संपला. याउलट, मर रोगात रोप मातीलगत सुतासारखं बारीक होऊन आडवं पडतं, तेही एका जागेपासून पसरत जातं. नत्र कमी पडलं तर खालची पानं सगळीच फिकट होतात, कडा करपत नाहीत. आणि रोप नुसतंच उंच, लेचंपेचं झालं असेल तर ते उजेडासाठी धावतंय; त्यावर खत हा उपाय नाही, उजेड वाढवा.

आता मुद्द्याचं. पहिल्या शेतकऱ्याला दुकानदाराने सांगितलं होतं, "१९:१९:१९ घ्या, पंपाला ७५ ग्रॅम." (१९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विद्राव्य खत.) १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. हे मोठ्या उभ्या पिकावर फवारायचं प्रमाण आहे, आणि ते ट्रेमध्ये ओतलं गेलं. कोवळ्या रोपाला लिटरला अर्धा ग्रॅम पुष्कळ होतो. त्यात नत्र जेमतेम ९५ पीपीएम, म्हणजे लिटरला ९५ मिलिग्रॅम बसतं. म्हणजे पंपाला साडेसात ग्रॅम. दहापट गेलं! वर ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि एक टॉनिक, सगळं "थोडं थोडं". दुकानदाराच्या हिशेबात त्या चार वेगळ्या बाटल्या असतात. मुळाला मात्र सगळ्यांचे क्षार एकत्रच लागतात. दुकानदाराने तुमची मुळं पाहिलेली नसतात, त्याला विचारून मात्रा ठरवू नका. टोपणाने, मुठीने, काडेपेटीने मोजू नका. छोटा वजनकाटा आणा.

वेळही चुकते. बीजपत्रांवर (उगवताना निघणाऱ्या पहिल्या पानांवर) असलेल्या रोपाला खत लागत नाही, शिदोरी त्याच्याजवळ असते. खरी पानं दोन आल्यावर सुरू करा. सुकलेल्या ट्रेत खत कधीच नको, भर दुपारी तर नकोच. आधी साधं पाणी, मग खत, आणि तेही सकाळी.

उपाय सांगतो. सकाळी बारीक झारीने साधं पाणी इतकं द्या की ट्रेच्या तळातून भरपूर निथळलं पाहिजे. अर्ध्या तासाने पुन्हा, मग आणखी एकदा. ९८ कप्प्यांच्या ट्रेला मिळून साधारण पाच-सहा लिटर जातील. ट्रे जमिनीवर किंवा तसराळ्यात ठेवून धुतलात तर तेच खारं पाणी परत वर चढेल. खाली फळ्या, विटा लावून उचलून ठेवा. धुतल्यावर हवा खेळती ठेवा आणि दोन-तीन दिवस दुपारी सावली करा. ट्रे कचकचीत ओला ठेवला तर मर येते, आणि पूर्ण सुकू दिला तर उरलेले क्षार घट्ट होऊन पुन्हा भाजतात. मधला मार्ग धरा.

ईसी मीटर (पाण्यात क्षार किती ते दाखवणारं यंत्र) असेल तर तळातून निथळलेलं पाणी तपासा. ईसी २ (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) च्या आत आलं की थांबा. ३ च्या पुढे असेल तर मुळं अजून भाजताहेत. तुमच्या साध्या पाण्याचाच ईसी १ च्या वर असेल तर खताचं प्रमाण आणखी खाली आणा. पाणी तपासणीचं कोणी विचारलं होतं: माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत होते, स्वच्छ बाटलीत नमुना न्या.

करपलेली कड परत हिरवी होत नाही, तिच्याकडे बघत बसू नका. नवं पान बघा. आठ-दहा दिवसांत ते स्वच्छ निघालं तर मुळं सावरली. तेव्हा लिटरला पाव ग्रॅमने सुरुवात करा. तोवर टॉनिक नाही, "मुळं वाढवणारं" काही नाही, पानावर फवारणीही नाही. ही शेवटची बाटली विकायला दुकानदार याच दिवसांत टपलेला असतो.

माझा हट्ट एकच आहे आणि मी तो प्रत्येक रोपवाटिकेत धरतो: प्रत्येक लॉटमधला एक ट्रे फक्त साध्या पाण्यावर ठेवा. खत दिलेली रोपं त्याच्यापेक्षा वाईट दिसू लागली की त्याच दिवशी कळतं. एका ठिकाणी असा पाण्यावरचा ट्रेच सगळ्यांत टवटवीत निघाला होता, मालक मात्र तो "उपाशी ट्रे" म्हणून फेकायला निघाले होते.

कोबीवाल्यांसाठी: ज्या रोपांचा शेंडाच जळाला ती काढून टाका, ती लावून शेतात जागा अडवू नका. बाकीची धुवा आणि थांबा. नव्याने बी टाकायचं असेल तर ते कोकोपीट पाणी निवळ येईपर्यंत धुतल्याशिवाय वापरू नका. विकत आणलेलं नवं असलं तरी धुवाच, नारळाच्या भुश्यात मुळातच क्षार असतात.