कालवड कमजोर निघाली: दोष रक्ताचा, की गाय गाभण असतानाच्या उन्हाचा?

तुमच्या गायीने पहिल्या दोन वेतांत चांगली वासरं दिली, यंदा जूनमध्ये झालेली कालवड मात्र हलकी आहे, सुस्त आहे, सारखी हगवते. गाय एप्रिल-मे टिनाच्या गोठ्यात बांधलेली होती. घरचे म्हणतात, हिचं रक्तच कमजोर, पुढे दूध देणार नाही, विकून टाका. विकू का, असं तुम्ही विचारलंय.

विकू नका. निदान रक्ताचा दोष म्हणून तरी नको.

मी आर्वी तालुक्यातली. आमच्याकडे गवळाऊ गायी आहेत. आमच्या चंद्रीच्या दोन कालवडी एकाच वळूच्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. थोरली संक्रांतीच्या सुमारास झाली, धाकटी मृगाच्या तोंडावर. दोघींना पोत्यात घालून कापूस मोजायच्या काट्याला टांगलं होतं: थोरली २१ किलो, धाकटी साडेसोळा. थोरली अर्ध्या तासात उभी राहून सडाला लागली. धाकटीला दोन तास धरून उभं करावं लागलं. आई तीच, बाप तोच, गोठाही तोच. वेगळा होता तो चंद्रीचा शेवटचा दीड-दोन महिन्यांचा काळ. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ती दुपारी तोंड उघडं टाकून धापा टाकायची, तोंडाला फेस यायचा, पुढ्यातलं कुटार संध्याकाळपर्यंत तसंच पडलेलं असायचं. तेव्हा मला वाटायचं की त्रास होतोय तो तिलाच.

गाय साधारण २८० दिवस गाभण असते, पण वासराची बरीचशी वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. ऊन लागलं की गायीचं शरीर थंड राहण्यासाठी रक्त कातडीकडे वळवतं आणि गर्भाकडे जाणारं कमी होतं. वार, म्हणजे जार, ज्यातून गर्भाला अन्न मिळतं, तीही नीट वाढत नाही. त्यात ती कमी खाते आणि बऱ्याचदा काही दिवस आधीच विते. म्हणजे वासराला पोटात मिळणारं अन्न कमी, आणि दिवसही कमी.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे नीट मोजलंय. विण्याआधीच्या भाकड काळात, म्हणजे शेवटचा दीड महिना, काही गायी नुसत्या सावलीत ठेवल्या आणि काहींना सावलीबरोबर पंखे व पाण्याचे फवारे दिले. फरक तेवढाच. नुसत्या सावलीतल्या गायींची वासरं चार-पाच किलोंनी हलकी भरली. सगळ्या वासरांना सारखाच चीक पाजला, तरी या वासरांच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं कमी उतरली. पुढे या कालवडी मोठ्या होऊन पहिल्यांदा व्याल्या, तेव्हा त्यांचं दूध दिवसाला सुमारे ५ किलो कमी निघालं. (या होल्स्टिन गायी. आपल्या तीन-चार लिटरच्या गायीला तो आकडा लावू नका, दिशा तेवढी लक्षात घ्या.) त्यांच्या पुढच्या पिढीच्या, म्हणजे नातींच्या दुधातही घट दिसली. कालवड पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची बीजं तयार होत असतात, त्यामुळे गायीला ऊन लागतं तेव्हा त्याची झळ एका अर्थी तीन पिढ्यांना लागते.

म्हणजे तुमच्या घरच्यांचं दुधाबद्दलचं म्हणणं अगदी चूक नाही. दूध थोडं कमी निघू शकतं. पण कारण रक्त नाही, आणि हा फरक मोठा आहे. रक्ताचा दोष असता तर आपल्या हातात काही नव्हतं.

जन्मानंतरचे दिवसही तितकेच मोलाचे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं. ज्या माद्या पहिल्या आठवड्यात पिलांना भरपूर चाटतात, त्यांची पिलं मोठेपणी धीट निघतात. कमी चाटणाऱ्यांची पिलं भित्री राहतात. पिलांची अदलाबदल केली तर पिलं सांभाळणाऱ्या आईवर जातात, जन्म देणारीवर नाही. ताण आवरणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणा आईच्या चाटण्याने बदलतात, हे त्यांनी २००४ मध्ये दाखवलं. गायीत अगदी तसंच घडतं असा दावा मी करत नाही. पण व्याल्याबरोबर वासरू ओढून बाजूला बांधणारे लोक पाहिले की मला हे आठवतं. अर्धा तास तरी चाटू द्या. वासरू सुकतं, त्याचं रक्त खेळतं, श्वास मोकळा होतो.

चिकाच्या बाबतीत आमच्याकडे वाद झाला होता. मामाजी म्हणाले, "जार पडू दे आधी, मंग पाज." मी म्हटलं, "मामाजी, ही आधीच कमजोर हाय, हिले थांबवून नाही चालत." गायीच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद दिवसभरात संपते. उन्हातून आलेल्या वासराची ती ताकद मुळातच कमी. म्हणून त्याला पहिल्या दोन तासांतच चीक हवा. धाकटीला मी बोटाने चाखवत चाखवत पाजला. मामाजी शेजारी कंदील धरून उभे होते, जार त्यानंतर तीन तासांनी पडला.

तुमच्या कालवडीची ती वेळ गेली, पण पुढचं हातात आहे. केनियातल्या अंबोसेली भागात १९७१ पासून बबून माकडांच्या नोंदी ठेवल्या जातात. लहानपणी दुष्काळ, आई मरणं, पाठोपाठ भावंड होणं, अशी संकटं संशोधकांनी प्रत्येक मादीसाठी मोजली. ज्यांच्या वाट्याला तीन किंवा जास्त आली, त्या एकही किंवा एकच संकट आलेल्या माद्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं कमी जगल्या. संकटांची भर पडत गेली की आयुष्य घटतं. तुमच्या कालवडीवर एक संकट येऊन गेलंय. आता दुसरं-तिसरं येऊ देऊ नका: तिला आईपासून एकदम तोडू नका, दूध पोटभर द्या, हगवणीसाठी डॉक्टरांना आजच दाखवा आणि जंताचं औषध त्यांनाच विचारून द्या. पावसाळ्यात तिच्याखाली ओल राहू देऊ नका. आमची धाकटी दीड वर्षाची होईपर्यंत बहिणीच्या मागेच होती, नंतर अंगात भरली. आता ती गाभण आहे.

आणि गाय पुन्हा माजावर आली की तारीख बघून भरवा. पोळ्याच्या आसपास भरवली तर मृगाच्या तोंडावर विणार, म्हणजे शेवटचे दोन महिने पुन्हा एप्रिल-मेमध्येच येणार. तसं जमवावंच लागलं तर होळीपर्यंत टिनावर पऱ्हाटी-तुराट्यांचा जाड थर टाका, दुपारी ओली पोती लावा, चारा पहाटे आणि रात्री घाला, आणि गाय वेळेत आटवा, म्हणजे विण्याआधी तिचं दूध काढणं थांबवा.