सातबारा नाही, मग घर कोणाचं?

प्रश्न : ताई, मुलगा न्यूयॉर्कला असतो. जॅक्सन हाइट्स नावाच्या जुन्या वस्तीत, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या इमारतीतला एक फ्लॅट त्याने पसंत केला आहे. आतून सगळा नवा केलेला, फोटो झकास आहेत. पण तो म्हणतो, फ्लॅट नावावर होत नाही, सोसायटीचे शेअर मिळतात आणि त्याआधी सोसायटीवाले मुलाखत घेतात. त्याची आई म्हणते, "नावावर होत नाही तं पैसे कायचे देता?" दोन एकर विकून मदत करावी असा विचार आहे. यात फसवणूक तर नाही ना?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, फसवणूक नाही. पण वहिनींनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

मी 31 वर्षं सहकारी संस्थांची दप्तरं तपासली, आणि लेकीकडे गेले तेव्हा चार महिने त्याच जॅक्सन हाइट्समध्ये राहिले. 74व्या रस्त्यावर तूरडाळ घेताना आपण अमेरिकेत आहोत हे विसरायला होतं. मधोमध बाग आणि भोवती इमारती, अशी ती वस्ती 1910 नंतर वसली. 1993 साली तिला ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला, म्हणून तिथे साधी खिडकी बदलायची तरी शहराच्या वारसा आयोगाला विचारावं लागतं.

तिथे अख्खी इमारत एका कंपनीच्या मालकीची असते, तिलाच तुमचा मुलगा सोसायटी म्हणतो. तुमच्या मुलाला त्या कंपनीचे शेअर आणि फ्लॅटमध्ये राहण्याचा भाडेपट्टा मिळेल. बँकही त्याच दोन कागदांवर कर्ज देते. दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये मालमत्ता कर, पहारेकऱ्यांचे पगार, हीटिंग आणि इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता, सगळं येतं. हे शेवटचं नीट वाचा. आपल्याकडे जिनिंग सोसायटी बुडाली की सभासदाच्या शेअरचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी असते तर नवं स्वयंपाकघर नंतर आणि ताळेबंद आधी पाहिला असता. राखीव निधी किती, कर्ज कधी फिटणार, किती सभासद थकबाकीदार. वकिलाला मागच्या दोन-तीन वर्षांचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांचं इतिवृत्त, वाचायला सांगा. छप्पर गळतं की बॉयलर बदलायचा आहे, ते त्यातच सापडतं.

मुलाखतीचं म्हणाल तर, महाराष्ट्राच्या 1960च्या कायद्याने सोसायटीला सभासदत्व नाकारताना कारण द्यावं लागतं. तिथलं सोसायटीचं संचालक मंडळ कारण न सांगता नाही म्हणू शकतं. वंश, धर्म, देश बघून नाकारणं मात्र बेकायदा ठरतं.

आता "आतून नवा" याबद्दल. टाइल्स नव्या असतील, पण भिंतीतले पाइप आणि वायरिंग? काम करताना सोसायटीची लेखी मंजुरी आणि शहराच्या बांधकाम खात्याचं परमिट घेतलं होतं का? लेकीच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी न विचारता वॉशिंग मशीन बसवलं होतं, ते पाणी लेकीच्या छतातून उतरलं. न्यूयॉर्कमध्ये घरात शिशाचा रंग वापरायला बंदी आली 1960 साली, तेव्हा आधीच्या भिंतींवर जुन्या थरांत तो असू शकतो. घरात लहान मूल असेल तर तपासणी करूनच घ्या. जमेची बाजूही आहे : भिंती जाड, छत उंच, शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू येत नाही. फक्त तळघरातला एकच बॉयलर सगळ्यांना वाफ पुरवतो, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असताना आम्ही खिडकी उघडून बसायचो. वर्ध्याचा मे महिना आठवायचा!

पुढे भाड्याने देऊ म्हणत असाल तर ते मनातून काढा. बहुतेक मंडळं त्यावर बंधनं घालतात.

पैशांचं. इथून एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तो अडसर नाही. पण काही मंडळांना वडिलांनी दिलेली रक्कम चालत नाही, त्यांना मुलाची स्वतःची बचत बघायची असते. आधी त्याला ते विचारायला लावा. तिथे करार करताना साधारण 10 टक्के इसार वकिलाच्या खात्यात ठेवतात, मंडळाचा निर्णय त्यानंतर येतो. नकार आला तर इसार परत, हे कलम करारात आहे ना, ते बघून घ्या. तोवर दोन एकरांचा इसार तुम्ही कोणाकडूनही घेऊ नका.