वाऱ्याचा गोंगाट की घोंघाट?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लोअर, म्हणजे जोरात हवा फेकणारे पंखे, बनवणाऱ्या एका मित्रानं विचारलंय, "'टर्ब्युलंट फ्लो नॉइज सिम्युलेशन'ला मराठीत काय म्हणू? मी 'प्रक्षुब्ध प्रवाह गोंगाट अनुकरण' लिहिलं, तर वर्कशॉपात सगळे हसले."

हसणारच भावा. गोंगाट माणसांचा, मंडईतला नाहीतर वर्गातला. वारा घोंघावतो, सणसणतो, पत्र्याच्या फटीतून शिरला की शीळ घालतो. पावसाळ्यात पन्हाळ्यावर एक रात्र काढलेल्याला हे सांगायला नको.

आणि हा फरक नुसता भाषेतला नाही. तारेवरून वारा गेला की मागं एकदा वरून, एकदा खालून असे ठेक्यात भोवरे सुटतात आणि सूर लागतो. ४ मिलिमीटरची तार आणि सेकंदाला १० मीटर वारा असेल तर साधारण ५०० हर्ट्झचा. तारेची जाडी, वाऱ्याचा वेग आणि सूर यांचं हे नातं स्ट्रूहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञानं १८७८ मध्ये मांडलं. ही झाली शीळ. लहानमोठे भोवरे ठेका सोडून एकमेकांत घुसले की सूर हरवतो, उरतो तो घोंघाट.

'प्रक्षुब्ध' चूक नाही, पण तो शब्द वाचला की मला जमावच दिसतो. पुराच्या वेळी शिवाजी पुलाच्या खांबांमागं पंचगंगा कशी गरगरते ते आठव. सरळ 'भोवऱ्यांचा प्रवाह' म्हण.

राहिलं 'अनुकरण'. ते माणसाचं करतात. सिम्युलेशनला घरचा शब्द खरं तर 'सोंग'! पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. वाऱ्याचं येतं, पण घाम फुटतो. संगणकात हवेचे लाखो बारीक कप्पे पाडून प्रत्येकातला वेग आणि दाब क्षणाक्षणाला काढायचा, मोठे भोवरे थेट गणितानं, बारके अंदाजानं. त्यात आवाज फार नाजूक. साध्या बोलण्यातला दाब ०.०२ पास्कलच्या आसपास, हवेचा एक लाखाच्या. म्हणजे पन्नास लाखातला एक भाग. गणितातल्या किरकोळ चुकीतही तो बुडून जातो. म्हणून बरेचदा आधी नुसता वारा सोडवतात आणि लांबवर ऐकू येणारा आवाज त्यावरून वेगळा काढतात. ही वाट लायटहिल या ब्रिटिश गणितज्ञानं १९५२ मध्ये दाखवली.

अहवालात 'सोंग' चालणार नाही, हे कळतंय. तिथं 'भोवऱ्यांच्या घोंघाटाचं संगणकी प्रतिरूप' लिही, नाहीतर 'सिम्युलेशन' तसंच ठेव, कुणाचं अडत नाही. फक्त ब्लोअरमधून एकच सूर येत असेल, तर 'घोंघाट' लिहू नकोस. गिऱ्हाईक म्हणेल, हा भलत्याच मशीनचा अहवाल दिलास.